न्याहारीला गोड पोंगल



‘साउथ इंडियन नाश्ता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इडली, डोसा, उत्तप्पा एवढंच येतं. आणि लगेच आपल्यातल्या निम्म्या घरांत कुरकूर सुरू होते. पीठ आदल्या दिवशी वाटायचं, रात्रभर आंबवायचं, म्हणजे मर्यादेचं काय? सासू म्हणते चालत नाही, सून म्हणते सगळं जग खातं. मग रविवारी सकाळी मुलगा नातवंडांना घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो आणि सासूबाई घरात चहा-खाकरा खात बसतात. हे चित्र मी एका घरात नाही, अनेक घरांत पाहते.

माझं म्हणणं सरळ आहे. जी बाई ‘हे नको’ म्हणते, तिनं त्याच दमात ‘मग हे घ्या’ असंही म्हणायला हवं. नुसत्या नकारावर आजवर कोणाचं पोट भरलेलं नाही आणि कोणाची श्रद्धाही वाढलेली नाही. दक्षिणेच्या न्याहारीत न आंबवलेला, रात्री काही भिजत न घालता होणारा, पीठ न लागणारा पदार्थ आहे. तो त्यांच्याकडे इडलीइतकाच घरचा आहे. तो म्हणजे पोंगल. त्यातही गोड पोंगल, तमिळमध्ये सक्करै पोंगल. आपल्याकडे त्याला ‘सणाचं पक्वान्न’ म्हणून बाजूला ठेवलंय. तो आपल्या सकाळच्या पानात यावा म्हणून हा लेख.

पोंगल हे नाव ‘पोंगु’ या तमिळ क्रियापदावरून आलंय, उतू जाणे असा त्याचा अर्थ. तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे 14 किंवा 15 जानेवारीला, आपण तिळगूळ वाटत असतो तेव्हा तिकडे अंगणात नव्या भांड्यात नव्या तांदळाचा पोंगल शिजतो. भांड्यातून फेस उतू गेला की ‘पोंगलो पोंगल’ असा गजर होतो. उतू जाणं आपल्याकडे वेंधळेपणाचं लक्षण, तिकडे भरभराटीचं! भांड्याच्या गळ्याला ओल्या हळदीचं रोप कंदासकट बांधतात. ते फक्त बांधायचं असतं, शिजवायचं नसतं. आपल्याला ओली हळद वर्ज्य, त्यामुळे आपण तेवढं सोडून द्यायचं. पदार्थाचं त्यावाचून काहीच अडत नाही.

पण पोंगल म्हणजे फक्त संक्रांत नव्हे. त्याच्या आधीचा मार्गळी महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तमिळनाडूतल्या देवळांत भल्या पहाटे पोंगलाचा प्रसाद वाटतात. कर्नाटकात याच धनुर्मासात हुग्गीचा नैवेद्य असतो, तीही तांदूळ आणि मुगाच्या डाळीचीच. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या शेजारणी याच दिवसांत धुंधुरमास म्हणून सूर्य उगवताना मुगाची खिचडी जेवतात. थंडीत सकाळी खरी भूक लागते, तेव्हा तांदूळ, मूग आणि तूप पोटात जावं, हे शहाणपण तिन्ही प्रांतांत एकच आहे. बेळगाव, निपाणी, सांगली, कोल्हापूरकडच्या बायकांना तर ‘हुग्गी’ हा शब्द समजावून सांगायला नको. फक्त आपल्याकडे हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर, आणि म्हैसूरकडे गेलं की तीच हुग्गी तांदूळ-मुगाची होते.

आता आपल्या चौक्याच्या दृष्टीनं बघू. मी बी.कॉम. झालेली बाई, जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जमेची पहिली बाजू म्हणजे यात पीठच नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि थंडीत 7, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तयार इडली मिक्स, डोसा मिक्स, आता तर ‘स्वीट पोंगल मिक्स’सुद्धा मिळतं. पाकिटावरची तारीख वाचली तरी ते कधी दळलं हे कळत नाही. पोंगलाला मात्र अख्खे दाणे लागतात. तांदूळ ताटात पसरून निवडता येतात, डाळ निवडता येते, वेलदोडा सोलून आत बघता येतो, काजूच्या दोन पाकळ्या उघडून बघता येतात. जे डोळ्यांनी बघता येतं, त्यात शंका राहत नाही. आपल्या धर्मानं स्वयंपाकघराला जे शिकवलं, त्यातलं निम्मं तर ‘नीट बघून घ्या’ हेच आहे.

दुसरी बाजू आंबवण्याची. रात्रभर ठेवून चव बदललेलं पीठ आपण चलित रसात धरतो. पोंगलाला आंबवणं नाहीच. भिजवणंही नाही. सूर्योदयानंतर तांदूळ धुवायला घेतले की चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पदार्थ पानात. आणि सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं थांबून खायचा ज्यांचा नियम आहे, त्यांच्यासाठी हा वेळ अगदी जुळून येतो. शिजेपर्यंत थांबावंच लागतं, त्यात नियम आपोआप पाळला जातो.

इथे खर्चाची बाजूही मांडते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. शाळेची बस त्याआधी निघून जाते. तेव्हा रोजच्या धावपळीत हा पदार्थ बसणार नाही, उगाच सुनेच्या मागे लागू नका. रविवार, सुट्टी, घरी आलेल्या पाहुण्यांची सकाळ, यासाठी तो आहे.

माझी भाची नोकरीसाठी चेन्नईला असते. पहिल्या थंडीत घरमालकीणबाईंनी तिला केळीच्या पानावर गरम पोंगल दिला. तिनं पान हातात धरूनच मला फोन केला, “मावशी, हे आपल्याला चालतं ना गं?” मी विचारलं, “दूध घातलंय का विचार.” ती म्हणाली, “एवढंच? मला वाटलं तू मोठी यादी सांगशील.” तेव्हापासून ती तिथे सुट्टीच्या दिवशी करते आणि फोटो पाठवते.

दुधाचा प्रश्न मी का विचारला, ते सांगते. डाळ आणि दूध एकत्र आलं की आपल्याकडे द्विदलाचा विचार येतो. काही घरांत हा नियम कच्च्या दूध-दह्यापुरता मानतात, काही घरांत तापवलेल्या दुधालाही लावतात. दोन्ही प्रकारची घरं आपल्यात आहेत आणि मला त्यात वाद घालायचा नाही. तमिळ घरांतही काही जणी डाळ-तांदूळ अर्ध्या दुधात शिजवतात, काही जणी नुसत्या पाण्यात. मी पाण्याच्या बाजूची आहे, आणि कारण फक्त धर्माचं नाही. गूळ आणि गरम दूध एकत्र उकळलं की दूध हमखास फाटतं. गुळात थोडा आंबटपणा असतो, त्याचा हा परिणाम. मग बायका गूळ गार करून घालतात, चिमूटभर सोडा घालतात, नाना युक्त्या करतात. पाण्यात शिजवलं की यातलं काहीच करावं लागत नाही, आणि मुगाची चव स्वच्छ लागते. ज्यांना दुधाचाच हवा, त्यांनी डाळ वगळावी. तमिळ वैष्णवांकडे अक्कारवडिसल म्हणून एक प्रकार असतो, तांदूळ दुधात तासभर आटवून करतात. त्यात मूग घालतात तोही नावापुरता, काही घरांत घालतही नाहीत. डाळ गाळली की आपला प्रश्न मिटला. मात्र त्यात गूळ शेवटी, गॅस बंद करून, पाक कोमट झाल्यावरच घालायचा.

आणि पोंगलाबरोबर पानात दही नको. डाळीशी द्विदल होतं आणि गुळाशी दही आपण खात नाही, म्हणजे दोन्हीकडून नको.

आता कृती. सहा जणांसाठी माप देते. 1 वाटी तांदूळ (साधारण 150 ग्रॅम), अर्धी वाटी मुगाची पिवळी डाळ (75 ग्रॅम), बारीक चिरलेला गूळ 200 ग्रॅम, साजूक तूप 60 ग्रॅम, दहा-बारा काजू, थोडे बेदाणे, चार वेलदोडे. तांदूळ कच्चा हवा, उकडा नको. तिकडे नव्या तांदळाला मान आहे, कारण तो चिकट शिजतो. आपल्याकडे इंद्रायणी त्यासाठी उत्तम. आजरा घनसाळ मिळाला तर वासच वेगळा. बासमती मात्र घेऊ नका, तो मोकळा राहण्यासाठीच जन्मलेला असतो आणि इथे आपल्याला गुरगुट्या भात हवा.

डाळ कोरडीच मंद आचेवर भाजायची. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त खमंग वास सुटला पाहिजे. ही पायरी टाळली तर पोंगलाला कच्चट वास राहतो आणि डाळीचा चिकट गोळा होतो. मग डाळ-तांदूळ एकत्र धुऊन, गाळलेलं पाणी 5 वाट्या घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. पितळेच्या कल्हईच्या पातेल्यात उघडं शिजवलंत तर चव आणखी चांगली येते, पण मग पाणी आणखी लागतं आणि ढवळत उभं राहावं लागतं. शिजल्यावर डावाच्या पाठीनं घोटायचं. दाणा दिसला पाहिजे, पण बोटात धरला तर विरघळला पाहिजे.

पुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तांदूळ पूर्ण मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ पडला की दाणा आहे तिथेच थांबतो, पुढे शिजत नाही. कितीही वेळ आचेवर ठेवा, आत टणकच राहणार. पुष्कळ जणी म्हणतात, ‘आमचा पोंगल दाताखाली येतो’, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

गूळ वेगळ्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यात विरघळवून बारीक गाळणीनं किंवा स्वच्छ कापडानं गाळायचा. गुऱ्हाळातला गूळ म्हटला की त्यात वाळू, चिपाडाचा तुकडा, कधी मुंगी असतेच. गाळल्याशिवाय गूळ वापरणं मला तरी पटत नाही. गाळलेला पाक पुन्हा आचेवर ठेवून चिकटसर झाला की पुरे, तार बघायची नाही. रंगाचं म्हणाल तर आपल्या कोल्हापूरचा गूळ नावाजलेला, 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाजारात पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ दिसला की माझा हात मागे येतो. रस साफ करायला रसायन जास्त वापरलं की असा रंग येतो. पोंगलाला गडद तपकिरी गूळच हवा. तिकडचा पोंगल तपकिरीच दिसतो.

पाक घोटलेल्या भातात ओतायचा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळायचं. तूप एकदम ओतायचं नाही, तीन वेळा घालायचं. दोन वेळा ढवळताना, आणि तिसऱ्या वेळी काजू-बेदाणे तळून त्या तुपासकट. वेलदोडा पूड त्याच वेळी करून घालायची. गॅस बंद करताना पोंगल पळीवाढा सैल असला पाहिजे. दहा मिनिटांत तो घट्ट होतो. कढईतच घट्ट केलात तर पानात दगड होईल.

देवळातल्या पोंगलाची ती खास चव येते खाण्याच्या कापरामुळे. तमिळमध्ये त्याला पच्चै कर्पूरम म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढाच घालायचा, जास्त झाला तर सगळं पातेलं कडू. आणि मैत्रिणींनो, आरतीचा कापूर यात कधीही घालायचा नाही. तो खायचा नसतो, तो विषारी आहे. खाण्याचा कापूर नक्की मिळत नसेल तर सरळ वगळा. चिमूटभर जायफळ पुरे.

‘पण सकाळी सकाळी गोड?’ हा प्रश्न येणारच. आपल्या वयाच्या बायकांत साखरेचा त्रास कुणाला नाही? तेव्हा हिशेब मांडू. 200 ग्रॅम गूळ सहा जणांत म्हणजे माणशी 33 ग्रॅम. तूप माणशी 10 ग्रॅम, दोन लहान चमचे. सगळं धरून वाटीभर पोंगलात साधारण साडेतीनशे ते पावणेचारशे कॅलरी होतात. म्हणजे ही न्याहारीच आहे, न्याहारीनंतरचं गोड नव्हे. आपली चूक इथे होते. पोहे खाऊन झाल्यावर ‘जरा चाखायला’ म्हणून वाटीभर पोंगल घेतला तर तो बाधणारच. दिवसातून तीन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा पिणाऱ्यांनी त्या सहा चमच्यांचं वजन करून बघावं, जवळपास तेवढंच भरेल. पोंगलाच्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्यावा, आणि गूळ दीडशे ग्रॅमवर आणला तरी चव बिघडत नाही, मी आता तेवढाच घालते. ज्यांना डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय, त्यांनी मात्र ‘गूळ आहे, साखर नाही’ या भ्रमात राहू नये. रक्ताला त्यातला फरक फारसा कळत नाही.

अशा माणसांसाठी तिकडचीच एक रीत उपयोगी पडते. पोंगल दोन प्रकारचा, गोड आणि तिखट. तिखटाला वेण पोंगल म्हणतात, तो तर तिथला रोजच्या न्याहारीचा. बंगळुरूच्या हॉटेलांतही एका बशीत खारा भात आणि केसरी भात शेजारी शेजारी देतात, चौचौ भात म्हणतात त्याला. आपण डाळ-तांदूळ एकाच कुकरमध्ये शिजवून दोन भाग करायचे. एकात निम्मा गूळ, दुसऱ्यात तुपाची फोडणी: मिरे, जिरे, हिंग, कढीपत्ता, काजू. तिकडे त्यात आलं घालतात, आपण त्याऐवजी चिमूटभर सुंठ घालायची, काही कमी पडत नाही. घरातल्या मधुमेही माणसाला वाटीभर तिखट आणि वर दोन चमचे गोड. त्याला वेगळं पाडल्यासारखंही होत नाही, आणि त्याच्यापायी बाकीच्यांचं गोडही बंद होत नाही.

एक इशारा. बऱ्याच जणी म्हणतात, मूग-तांदूळ हलका, मग उपवासाच्या पारण्याला हाच करू. एका दिवसाच्या उपवासाला ठीक. पण दशलक्षणात ज्यांचे सलग उपवास झालेत, त्यांच्या पारण्याला हा नको. मूग हलका, पण तूप, काजू आणि गूळ हलके नाहीत. त्यांना आधी मुगाचं पाणी, मग पेज. पोंगल दोन-तीन दिवसांनी.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की दक्षिणेचं खाणं आणि आपले नियम यांचं जमत नाही, त्यांनी एकदा पोन्नूर टेकडीची यात्रा करावी. वंदवासीजवळ आचार्य कुंदकुंदांच्या पादुका तिथे आहेत. तिथून विळुप्पुरम जिल्ह्यात मेलसित्तामूरला तमिळ जैनांचा मठ आहे. हे आपले दिगंबर बांधव शतकानुशतकं तिथे राहतात, बहुतेक शेती करणारे, भातशेतीच्या मुलखातले, घरात तमिळ बोलणारे, आणि सूर्यास्ताआधी जेवणारे. आपल्याकडे सुनेला ‘धर्म पाळायचा तर हे खाणं सोड’ असं सांगतात, तेव्हा मला हे लोक आठवतात. त्यांनी ना आपला मुलूख सोडला, ना त्याचं अन्न, ना धर्म.

शेवटी उरलेल्याचं. पोंगल उरला तर दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ठेवू नका, माप बघूनच करा. तिघांसाठी वरचं सगळं बरोबर निम्मं. त्याच दिवशी दुपारी खायचा असेल तर तो घट्ट झालेला असतो. दोन-तीन चमचे उकळतं पाणी घालून मंद आचेवर सैल करा, वर चमचाभर तूप, आणि दिवस मावळायच्या आत संपवा.